जायफळाचे वेढे

बाळ उठंना. तळव्याला चिमटा काढला, गालावरून ओला हात फिरवला, कानाशी टाळ्या वाजवल्या, तरी उठंना. हात वर उचलून सोडला की धप्पकन खाली पडायचा. आणि फोनमधून माझी नणंद ओरडत होती, "वहिनी, उचल त्याला! मला दाखव! फोन नीट धर ना, मला नुसतं छत दिसतंय!"

फोन कसा धरू? एका हातात पोरगं, चार महिन्यांचं, मान मागं टाकलेली, दुसऱ्या हातानं मी त्याची छाती चोळत होते. श्वास चालू होता. पण एक आला की पुढचा येतोय का नाही, अशी वाट बघावी लागायची. नणंद तिकडं दोह्याच्या वेस्ट बे भागात ऑफिसात, कितव्या तरी मजल्यावर, तिनं मोबाईलवर मधी मधी पाळण्याचा कॅमेरा उघडला तर बाळ अडीच तास एकाच कुशीवर. म्हणून तिनं फोन केला. नसता केला तर मी अजून स्वयंपाकघरात मेथी निवडत बसले असते, मनातल्या मनात खूश, की बघा, कसं गाढ झोपवलं.

"काय झालंय त्याला? वहिनी, बोल ना!"

"झोपलंय ताई, नुसतं झोपलंय."

आणि त्या वेळी माझ्या डोक्यात पहिलं काय आलं सांगू? बाळ नाही आलं. कॅमेरा आला. दुपारी मी त्याला पाळण्यातून उचलून आमच्या खोलीत नेलं, ते दिसलं असेल का, हे आलं.

कारण मला माहीत होतं ते का उठत नाही. घरात फक्त मलाच माहीत होतं.

आम्ही सुट्टीला आलो होतो. मी, माझे मालक आणि आमची सहा वर्षांची लेक. नणंद माझी इंजिनिअर. मालकांची बहीण, मालकांपेक्षा लहान पण माझ्यापेक्षा मोठी, म्हणून मी ताई म्हणते. इकडं कतारला, दोह्याला नोकरीला आली आणि ऑफिसातल्याच हॉलंडच्या माणसाशी तिनं लग्न केलं. आमच्याकडं, सिन्नरच्या बाजूला, बायका सासूबाईंना विचारायच्या, जावई कुठले हो? सासूबाई म्हणायच्या, "लांबचे आहेत." बस, पुढं नाही.

मी नववीपर्यंत शिकलेली. विमानात पहिल्यांदा बसले ती तेव्हाच. दोह्यातच मुऐदर भागात त्यांचा बंगला, बाहेर उन्हानं डोळे उघडवत नव्हते आणि आत एवढा गारठा की लेक शाल मागायची. दाजी स्वभावानं लय चांगले. ताईंनी त्यांना मराठीचे दोन-चार शब्द शिकवलेले, तेवढ्यावर ते दिवस काढायचे. दुपारी टेबलावर गार पाव आणि चीज मांडायचे आणि मोठ्यानं म्हणायचे, "यल्ला, जेवा!" यल्ला म्हणजे इकडच्या अरबीत चला. मालक हळूच मला म्हणायचे, "जेवा कसलं, हा तर नाश्त्याचा पण नाश्ता आहे." लेकीला मात्र पावावर चॉकलेटचा चुरा भुरभुरून मिळायचा, ती खूश.

आणि होती ओमा. ओमा म्हणजे त्यांच्या भाषेत आजी. दाजींची आई. ताईंची बाळंतपणाची रजा संपली म्हणून ती हॉलंडहून बाळाला सांभाळायला आली होती. उंच, गोरी, पांढरे कापलेले केस, कधी आवाज चढवायची नाही. पण सगळं घड्याळावर. फ्रिजवर तिनं कागद लावला होता. मला तिचं अक्षर लागायचं नाही म्हणून माझ्यासाठी तिनं शेजारी घड्याळांची चित्रं काढली. सातला दूध. नवाला झोप. बाराला झोप. दीडला उठायचं, मग दूध. झोप म्हणजे खोलीत अंधार, दार बंद, बाळ झोपायच्या एका पिशवीत घातलेलं, आणि रडलं तरी आत जायचं नाही. शिकतं म्हणे ते आपलं आपण.

पहिल्या दिवशी मी दाराबाहेर उभी राहून ताईंना म्हणलं, "ताई, ते रडतंय."

"हो वहिनी, मला पण जीव तुटतो. पण दहा मिनिटांत झोपतो, बघ. आमच्या घरात ओमाचं राज्य आहे."

दहा मिनिटांत खरंच झोपायचं. काही दिवस. मग पोट दुखायला लागलं असेल, का काय, चौथ्या-पाचव्या दिवसापासनं बाराची झोप म्हणजे नुसता आकांत.

निघताना सासूबाईंनी माझ्या पिशवीत बाळगुटी घातली होती. वेखंड, हळकुंड, मुरुडशेंग, बाळहिरडा, जायफळ, सगळं पांढऱ्या फडक्यात बांधून, आणि वर छोटी सहाण. नातवाला द्यायची म्हणून. मला दोनदा बजावलं होतं, सहाणेवर जायफळाचे दोनच वेढे, जास्त नाही. माझ्या लेकीला मी रोज दिली होती, कधी काही झालं नाही. ताईंनी ते गाठोडं बघितलं आणि हसल्या, "आई पण ना! दगड पाठवलाय विमानातून!" मग गाठोडं आमच्या खोलीतल्या कपाटावर ठेवून दिलं. "वहिनी, हे इथं नको हं. इथल्या डॉक्टरला कळलं ना, पोलीसच येतात सरळ." त्या हसत हसतच म्हणाल्या. मी पण हसले. पण पोलीस हा शब्द माझ्या पोटात जाऊन बसला.

त्या दिवशी दाजी सुट्टीवर होते. ते मालकांना आणि लेकीला घेऊन शहरात मुशैरिबला ट्राममध्ये बसायला गेले होते. ओमाचं डोकं दुखत होतं. मला खुणेनं म्हणाली, मी वर पडते, आणि कागदावरच्या बाराच्या घड्याळावर बोट ठेवून गेली. माझ्यावर विश्वास टाकून गेली.

बारा वाजता मी बाळाला पिशवीत घातलं, दार लावलं. ते रडायला लागलं. मी दाराबाहेर फरशीवर बसले. पाच मिनिटं. दहा मिनिटं. आवाज बसत चालला होता त्याचा. तुम्ही ऐकलंय का असं रडणं, की मधी मधी आवाजच फुटत नाही? मला बसवंना. आत गेले, उचललं, आमच्या खोलीत नेलं. स्टुलावर चढून गाठोडं काढलं. त्याच्याच दुधात उगाळलं. ते मांडीवर तडफडत होतं, माझं सगळं लक्ष त्याच्याकडं. जायफळाचे वेढे मी मोजले नाहीत. खरं सांगते, मोजले नाहीत. पहिली पळी त्यानं ओकून टाकली. मला वाटलं सगळी गेली. म्हणून परत उगाळलं.

पंधरा मिनिटांत गप. मी पाळण्यात ठेवलं, सहाण धुतली, गाठोडं होतं तसं वर ठेवलं आणि मेथी निवडायला बसले.

तर आता साडेतीन वाजले होते आणि बाळ उठंना. मी जिन्याकडं तोंड करून ओरडले, "ओमा! ओमा!" ती अनवाणी धावत आली. बाळाला बघितलं आणि माझ्याकडनं घेतलं. त्याला आडवं केलं, तोंडाशी कान नेला, माझ्या हातातनं फोन घेऊन ताईंशी दोन शब्द बोलली, तो ठेवला आणि ॲम्ब्युलन्सला लावला. मग माझ्याकडं वळली.

"फूड? मेडिसिन? समथिंग?"

एवढं इंग्रजी मला कळतं.

"नो," मी म्हणलं. "नो, नो. ओन्ली मिल्क."

ॲम्ब्युलन्समध्ये बाळाचा उजवा हात दोन-तीनदा झटकल्यासारखा हलला. ओमानं तो बघितला आणि त्या माणसांना दाखवला. मला वाटलं हात हलवला, म्हणजे उठतंय. मला कुठं माहीत त्या हाताचं पुढं काय होणार.

दवाखान्यात ताई आमच्या आधी पोचल्या होत्या. गळ्यात ऑफिसचं कार्ड, एका पायात चप्पल वाकडी. दाजी आले, मालक आले, लेक माझ्या कमरेला मिठी मारून. डॉक्टरनं तेच विचारलं, ताईंनी मला मराठीत विचारलं, "वहिनी, नीट आठव. काही खाल्लं त्यानं? खाली पडलेलं काही? तुझी कसली गोळी?"

"काही नाही ताई. दूध पिलं आणि झोपलं."

तो दुसऱ्यांदा. आता मागं कसं जायचं? मी लेकीकडं बघत होते. मला कोण नेणार, कुठं नेणार, हिला कोण सांभाळणार, माझ्याकडं इथली भाषा नाही, मी बोलले तरी कुणाला कळणार, हेच सगळं गरगर फिरत होतं.

मग एक नर्सबाई आली. गळ्यात बारीक क्रॉस, वय असेल चाळीसेक. मी तोंडातल्या तोंडात देवाचं नाव घेत होते ते तिनं ऐकलं. जवळ येऊन मराठीत म्हणाली, "तुम्ही आपल्याकडच्या का? मी वसईची." मला रडूच फुटलं. तिनं मला भिंतीकडं घेतलं आणि आवाज खाली आणला.

"हे बघा, मी तुम्हाला घाबरवत नाही. आमच्याकडं पण आया देतात. गुटी दिली का? जायफळ? काही असलं तर आत्ता सांगा. डॉक्टर म्हणतायत मेंदूज्वर असेल. पाठीत सुई घालून पाणी काढणार आहेत. माहीत असेल तर कदाचित ती सुई वाचेल त्याची."

ती मला सांगायला जागा देत होती. आजही डोळे मिटले की तिचा तो हलका आवाज येतो. मी तोंड उघडलं सुद्धा. पलीकडं दाजी कागदावर सही करत होते, त्यांचा पेन चालत नव्हता, ते झटकत होते. ताई भिंतीला डोकं लावून उभ्या होत्या. मालक माझ्याकडं बघत होते.

"नाही हो," मी म्हणलं. "माझ्या लेकीची शपथ."

नर्सबाईनं लेकीकडं बघितलं. मग माझ्या खांद्यावर हात ठेवला. "विचारावं लागतं, राग नका मानू. इन्शाल्ला बरं होईल."

दार लागलं. थोड्या वेळानं आतून बाळाचं रडणं आलं. मोठं, खणखणीत. ताई खाली बसल्या आणि हसायला आणि रडायला लागल्या एकदम. ओमानं मला धरलं आणि माझ्या कपाळावर ओठ टेकवले. सगळे म्हणाले, उठलं, उठलं. ते सुईनं उठलं का जायफळ उतरलं म्हणून उठलं, कुणाला माहीत.

दोन दिवसांत घरी सोडलं. ज्वर नव्हता, रक्तात काही नव्हतं, डोक्याची तपासणी केली त्यात पण नक्की काही नाही. पण हात झटकला होता ना. डॉक्टर म्हणाले, झटका असू शकतो, धोका नको, वर्षभर औषध द्या. गोड लालसर औषध, बिनसुईच्या सिरिंजनं, सकाळी आणि संध्याकाळी.

आता ऐका पुढचं. कॅमेरा नुसता त्या घडीचं दाखवतो, मागचं साठवत नाही, म्हणून मी वाचले असं तुम्हाला वाटेल.

ओमा त्याच महिन्यात परत गेली. तिकडं ती सगळ्यांना एकच सांगते, "मी झोपले होते." फोनवर दिसली की ताईंना पण तेच म्हणते, मी झोपले होते. ताईंनी तिला एकदा पण दोष दिला नाही. पण फ्रिजवरचा कागद काढून टाकला आणि मला म्हणाल्या, "वहिनी, तुझा हात होता म्हणून वाचला. तू वेळेवर ओमाला हाक मारलीस. मला आता दुसरं कुणी नको त्याच्याजवळ." दाजींनी मालकांना ओळखीत स्टोअरची नोकरी बघून दिली. सुट्टीला आलेले आम्ही इथंच राहिलो. बंगल्याच्या मागच्या खोलीत. लेक इथल्या शाळेत जाते, मी मराठीत विचारते ती इंग्रजीत उत्तर देते.

मालक मला चिडवतात, "काय गं, नववी पास डॉक्टरीण, आज किती एमएल?" त्यांना मी सांगितलेलं नाही. त्यांना पण नाही.

रोज सकाळ-संध्याकाळ ते औषध मीच देते. माझ्याच हातानं. आता ते चौदा महिन्यांचं आहे. उभं राहत नाही. बसल्या बसल्या पेंगतं. खेळण्याकडं हात नेतं आणि मधीच विसरतं. ताई म्हणतात, आजारच तसा आहे. दुसरं मूल नको म्हणतात, अंगात असेल तर त्याला पण होईल. हे त्या म्हणतात तेव्हा मी त्यांच्या समोर पोळ्या लाटत असते.

मध्यंतरी मी ठरवलं, आपणच औषध सोडवू. कुणाला न सांगता. दोन दिवस औषध बेसिनमध्ये ओतलं. तिसऱ्या दिवशी सकाळी त्याचे डोळे वर गेले आणि हात झटकला. तोच उजवा हात. मी त्याला छातीशी धरलं आणि ताईंना हाक मारली. ताईंनी पळवत दवाखान्यात नेलं. डॉक्टरनं विचारलं, डोस चुकला होता का? ताई माझ्या वतीनंच म्हणाल्या, "आमची वहिनी घड्याळ चुकेल पण डोस चुकवणार नाही." मी मान हलवली. डॉक्टरनं औषध वाढवलं.

आता मला पण कळंना. ते जायफळच होतं का? का त्याला खरंच काही आजार आहे? का नव्हता, आणि औषध अचानक तोडून मीच लावला? मोबाईलवर शोधायला गेले तर इंग्रजीत येतं, आणि लेकीला वाच म्हणायची सोय नाही. कुणाला विचारू? त्या नर्सबाईला शोधायला मी एकदा गेले होते, ती गावी कायमची परत गेली म्हणाले.

पुढच्या आठवड्यात शाळेला सुट्टी लागते. सगळे हॉलंडला चाललोय, ओमाकडं. मलाही नेतायत. तिथं एक मोठा मेंदूचा डॉक्टर दाजींनी बघून ठेवलाय, दाजींच्या घरचे सगळे येणार आहेत, काका, आत्या, सगळे. काल ताई कपडे भरता भरता म्हणाल्या, "वहिनी, तो डॉक्टर पहिल्यापासनं विचारणार. पहिला दिवस कसा होता, काय काय झालं. मी ऑफिसात होते, ओमा झोपली होती. तू होतीस. तूच सांग, मराठीतच सांग, मी शब्द न् शब्द इंग्रजीत करून सांगते."

म्हणजे ताईंच्याच तोंडून ते बाहेर येणार. मी एक वाक्य बोलायचं आणि त्यांनी ते ऐकून, समजून, दुसऱ्या भाषेत परत म्हणायचं. त्यांच्या नवऱ्यासमोर. ओमासमोर.

सांगितलं तर औषध कमी होईल का, माहीत नाही. ओमाचं "मी झोपले होते" तरी थांबेल का, माहीत नाही. आम्ही इथं राहणार नाही एवढं माहीत आहे. लेकीची शपथ खाल्ली होती ती कशी उतरवायची, माहीत नाही. नाही सांगितलं तर तो डॉक्टर अजून एक औषध लिहील, आणि ते परत मीच भरून देणार.

काल संध्याकाळी मी एकटीच बोलून बघितलं. "ताई, त्या दिवशी बाराला..." एवढंच आलं. पुढं येईना.

तुम्ही वाचताय म्हणून विचारते, खरं खरं सांगा. ती नर्सबाई भिंतीशी घेऊन विचारत होती, शेजारी तुमची लेक तुमचा पदर धरून उभी होती, दाराआड दुसऱ्याचं लेकरू होतं, तेव्हा तुम्ही काय केलं असतं? आणि तेव्हा नसतं जमलं, तर आता, एवढे महिने गेल्यावर, तुम्ही काय केलं असतं?